स्वित्झर्लंडचा रेल्वे पास: आठ दिवसांचा घ्यावा की अर्ध्या तिकिटाचं कार्ड?

शाहूपुरी_पॅसेंजर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मे अखेरीस स्वित्झर्लंडला निघालोय. मी, बायको, आई (वय ७६) आणि घरातली एक ११ वर्षांची पोरगी. झ्युरिकला उतरायचं, दोन रात्री ल्युसर्न, पाच रात्री लाउटरब्रुनेन या दरीतल्या गावात आणि आठव्या दिवशी परत झ्युरिक विमानतळ. मध्ये रिगी, युंगफ्राउयोख, म्युरेन, फर्स्ट ही डोंगरावरची ठिकाणं आणि एखादी तळ्यातली बोट. एवढंच. आईला घेऊन जास्त धावपळ नको.

गावातला ट्रॅव्हलवाला म्हणतो, डोळे झाकून आठ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास घ्या. सेकंड क्लास, २०२४ च्या दरानं, माणशी ४१९ फ्रँक. फ्रँक शंभराच्या पुढं गेलाय, पण हिशोबाला शंभरच धरा. तीन मोठ्या माणसांचे सव्वा लाख! यात युंगफ्राउचं तिकीट नाही, हे त्यानं तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं.

कॉलेजात असताना एसटीचा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास काढून मी अख्खं राज्य पालथं घातलं होतं. झोपायला पण एसटीतच. तेव्हापासून पास म्हटलं की वसूल झालाच पाहिजे असं डोक्यात बसलंय. आता आईला घेऊन गाडीत झोपता येणार नाही. दुसरीकडं हाफ फेअर कार्ड म्हणून अर्ध्या तिकिटात प्रवासाचा एक प्रकार दिसतोय, २०२४ च्या दरानं १२० फ्रँकचा. जाऊन आलेल्यांनी सांगा, काय घेऊ?

रस्सामंडळ

पहिला नंबर! पासचं राहू दे भावा, आठ दिवस तांबड्याशिवाय आई कशी राहणार ते आधी सांग.

सौ_कळंबेकर

आम्ही २०२३ ला गेलो होतो. मी, हे आणि सासूबाई. आठ दिवसांचाच पास घेतला होता, तेव्हा ३८९ होता. माझं मत स्पष्ट आहे: म्हातारं माणूस बरोबर असेल तर पासच घ्या.

सांगते का ते. इंटरलाकेन ओस्टहून लाउटरब्रुनेनला जाणारी गाडी असते ना, ती मध्ये त्स्वायल्युचिनेन नावाच्या स्टेशनवर तुटते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. फलाटावर लिहिलेलं असतं, डब्यावर पण लिहिलेलं असतं. पण आम्ही सासूबाईंना चढवायच्या गडबडीत, दोन बॅगा, एक पिशवी, आणि हे फोटो काढायलेत. बसलो ग्रिंडेलवाल्डच्या डब्यात. लक्षात आलं तेव्हा दरी बदललेली! सासूबाई म्हणाल्या, "आलोच आहोत तर चहा घेऊ." ग्रिंडेलवाल्डला चहा घेतला, आयगर डोंगर बघितला, परत आलो. एक पैसा जास्तीचा गेला नाही. पास खिशात होता म्हणून चूक झाल्याचं वाईट वाटलं नाही. तिकीट काढून गेलो असतो तर यांनी मला, मी यांना, दिवसभर ऐकवलं असतं.

ल्युसर्नच्या तळ्यातल्या बोटी त्यात येतात, शहरातल्या ट्राम-बस येतात. रिगी तर पूर्ण येतो, वर चढायची दातेरी गाडी धरून. ऊन आलं की बोटीत, पाऊस आला की म्युझियममध्ये. पाचशेच्या वर म्युझियमं पासवर आहेत. आम्ही दोन बघितली, ती पण पावसामुळं. पण मनाला जी शांतता असते तिची किंमत एक्सेलमध्ये येत नाही.

गंगावेस_दूधकट्टा

एक्सेलमध्येच आणतो थांबा वहिनी. :)

धागाकर्ते, दर २०२४ चे आहेत, निघायच्या आधी स्विस रेल्वेच्या ॲपवर बघून घ्या. मी आकडे गोल करून ढोबळ मांडतोय. माणशी, पूर्ण तिकीट, फ्रँकमध्ये:

झ्युरिक विमानतळ ते ल्युसर्न ३०. ल्युसर्नहून बोट आणि गाडीनं रिगी, जाऊन-येऊन ११५. ल्युसर्न ते लाउटरब्रुनेन ४०. म्युरेन जाऊन-येऊन २५. ब्रिएन्झच्या तळ्यातली बोट वगैरे ४०. लाउटरब्रुनेन ते झ्युरिक विमानतळ ८०. झाले ३३०. वर युंगफ्राउयोख २४० आणि फर्स्टची रोपवे ७०. एकूण ६४०.

हाफ फेअर कार्डावर हे सगळं निम्मं. म्हणजे ३२०, अधिक कार्डाचे १२०. चारशे चाळीस.

आता पास. ४१९ भरले. युंगफ्राउला पास वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंतच चालतो, तिथून वर फक्त २५ टक्के सूट. म्हणजे साधारण १६० परत खिशातून. फर्स्टला निम्मी सूट, ते ३५. बेरीज सहाशेच्या पुढं. माणशी दीडशे-पावणेदोनशे फ्रँकचा फरक, तिघांचे पन्नास हजार रुपये. वहिनींच्या मनःशांतीला दर तर लागला.

खरी मेख पुढं आहे. बऱ्याच डोंगरांवर पासवाल्यालाही निम्मी आणि कार्डवाल्यालाही निम्मीच सूट. टिटलिस, पिलाटस, गोर्नरग्राट, सगळीकडं तेच. ती तिकिटं हिशोबातून काढूनच टाका, दोन्हीकडं सारखी. उरला तो पासमध्ये पूर्ण येणारा प्रवास. पास आणि कार्डात २९९ चा फरक. तो भरून यायला पासमधला प्रवास पूर्ण दरानं ५९८ चा झाला पाहिजे, आठ दिवसांत. तुमचा होतोय ३३०. एका दरीत पाच रात्री राहणाऱ्या माणसाला पास फिटत नाही.

पुणेरी_पाहुणा

हिशोब योग्य आहे. फक्त धाग्यात कुणीतरी 'जंगफ्रॉ' लिहायच्या आत सांगून ठेवतो, उच्चार युंगफ्राउ असाच आहे. धागाकर्त्यांनी बरोबर लिहिला याचं कोल्हापूरकर असूनही कौतुक.

रस्सामंडळ

आणि तुम्ही पुण्याचे असूनही कौतुक केलंत, त्याचं पण कौतुक.

उद्यमनगरी_फौंड्रीवाला

युंगफ्राउला सूट का कमी, यावर थोडं. मी शिरोलीला फौंड्रीत तीस वर्षं काढलीत, यंत्रावर बोलायला मिळालं की थांबत नाही, तेव्हा माफी आधीच मागतो.

युंगफ्राउची रेल्वे स्वतंत्र कंपनीची. आडोल्फ गुयर-झेलर नावाच्या उद्योजकाच्या डोक्यातली कल्पना. काम सुरू झालं १८९६ ला, वर गाडी पोचली १९१२ ला. सोळा वर्षं. तो स्वतः १८९९ लाच गेला, त्याला वरचं स्टेशन दिसलं नाही. आयगर आणि म्योंखच्या पोटातून सात किलोमीटरचा बोगदा, तोही सुरुंग लावून. वरचं स्टेशन ३,४५४ मीटरवर. कुणी म्हणेल शंभर वर्षांत खर्च निघाला असेल की! निघाला असेल, पण गर्दी हटत नाही तोवर दर कशाला उतरवतील? आपल्या गुऱ्हाळावर पण पहिल्या दिवशीच्या काकवीचा दर वेगळा असतोच की.

रिगीची गाडी १८७१ ची, युरोपातली डोंगर चढणारी पहिली दातेरी रेल्वे. रुळांच्या मधोमध शिडीसारखा दातेरी पट्टा, गाडीच्या पोटातलं चाक त्यात अडकून चढतं. पिलाटस १८८९ चा, ४८ टक्के चढ, तिथं उभे दाते चालले नसते, वर निसटले असते. म्हणून दाते आडवे करून दोन्ही बाजूंनी पकडले. ते खालून बघायला मिळालं तर नक्की बघा. आणि आपल्या उटीच्या गाडीची जुनी दातेरी इंजिनं माहिती आहेत? स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूरच्या कारखान्यात बनलेली. तिथल्या लोखंडावर बसून आमचं मधुचंद्राचं पर्व झालंय.

सौ_कळंबेकर

शेवटचं वाक्य काकूंना दाखवलंत का?

उद्यमनगरी_फौंड्रीवाला

त्याच टाइप करायलात. मी सांगायलोय.

पन्हाळ्याचं_धुकं

एवढे पैसे घालवण्यापेक्षा दार्जिलिंग, उटी, शिमला तिन्ही करा. तिन्हींच्या डोंगरगाड्या जागतिक वारसा यादीत आहेत, १९९९, २००५ आणि २००८ ला गेल्या. चौघांचे तिन्ही मिळून तुमच्या एका युंगफ्राउत होतील.

ज्योतिबाचा_चांगभलं

हा प्रतिसाद प्रत्येक परदेशाच्या धाग्यावर असतो. माणसानं तिकिटं काढलीत भावा. पास विचारायलाय, देशभक्ती नाही.

पन्हाळ्याचं_धुकं

विचार मांडला, जबरदस्ती नाही. तुम्ही जावा, आम्ही पन्हाळ्यावर धुकं बघू, फुकट.

सांगलीचा_जावई_कोल्हापुरात

ट्रॅव्हलवाल्याच्या बाबतीत माझा अनुभव. आम्ही नऊ दिवसांसाठी गेलेलो, आमच्या माणसानं पंधरा दिवसांचा फर्स्ट क्लास पास गळ्यात मारला. म्हणाला, आठ आणि पंधरात फार फरक नसतो. ते खरंच होतं, सेकंड क्लासला तेव्हा चाळीसच फ्रँकचा. पण फर्स्ट कशाला? डोंगरावरच्या बऱ्याच गाड्यांत फर्स्ट क्लास डबाच नसतो. म्युरेनच्या त्या एका डब्याच्या गाडीत आम्ही फर्स्टवाले उभं राहून गेलो, सेकंडवाले खिडकीला बसलेले. त्याला कमिशन किती मिळालं ते देव जाणे.

आणि हो, ग्लेशियर एक्सप्रेस, बर्निना एक्सप्रेस पासात येतात हे अर्धंच खरं. भाडं येतं, सीटचं आरक्षण वेगळं आणि सक्तीचं. त्याच रुळांवरून साध्या गाड्या जातात, त्यांना आरक्षण लागत नाही, काहींची खिडकी पण उघडते. काच उघडून फोटो काढायचा असेल तर साधीच बरी.

गंगावेस_दूधकट्टा

बरोबर. फर्स्ट क्लास हा तिथं गर्दीच्या वेळी शहरांमध्ये थोडा कामाचा, दऱ्यांमध्ये नाही.

डोंगराळ_मास्तर

धागाकर्त्याला आणखी दोन नावं सांगून ठेवतो, गोंधळ वाढवायला. बर्नर ओबरलांड पास आणि युंगफ्राउ ट्रॅव्हल पास. दोन्ही त्या भागापुरते. तीन दिवसांपासून मिळतात. तुम्ही लाउटरब्रुनेनला तळ ठोकून रोज दोन-दोन डोंगर चढणार असाल, म्हणजे सकाळी मेनलिखेन, दुपारी फर्स्ट, दुसऱ्या दिवशी शिनिगे प्लाटे, तर ते भारी. आम्ही दोघं मित्र, गुडघे शाबूत, त्यामुळं आम्हाला युंगफ्राउ ट्रॅव्हल पास कामाला आला. वर युंगफ्राउयोखला त्यातही आयगरग्लेचर स्टेशनापुढं वेगळे पैसे पडतातच. आईंना घेऊन रोज दोन डोंगर होणार नाहीत. एक डोंगर, मग चहा, मग झोप.

शाहूपुरी_पॅसेंजर (धागाकर्ता)

मंडळी, एवढं मनापासून लिहिलंत, आभार. दूधकट्टा साहेब, तुमचा ५९८ चा आकडा डायरीत लिहून ठेवला.

घरात हे वाचून दाखवलं तर बायको हसून हसून बेजार. कारण असं, एसटीत आई फुकट जाते, ७५ च्या पुढची. बायकोचं अर्धं तिकीट. आमच्या घरात पूर्ण तिकीट काढणारा गडी मी एकटाच. म्हणाली, "बघा, तुम्हाला अर्ध्या तिकिटात बसायला स्वित्झर्लंडला जायला लागतंय."

आईला तिथं ज्येष्ठ नागरिक सवलत असेल ना काही?

सांगलीचा_जावई_कोल्हापुरात

पासावर वयाची सवलत आहे ती पोरांना. २५ च्या आतल्यांना कमी दर. म्हाताऱ्यांना काही नाही. पूर्ण पैसे.

रस्सामंडळ

म्हणजे पोरानं बापाचे पैसे खर्च करायचे आणि सवलत पण पोरालाच. देश आपल्यासारखाच हाय की.

ज्योतिबाचा_चांगभलं

एक शंका. पोरगी ११ ची म्हणालात. तिच्यासाठी स्विस फॅमिली कार्ड घेणार असाल, ६ ते १५ वयाची पोरं आई-बापाबरोबर फुकट. पास असो की हाफ फेअर, दोन्हीबरोबर मिळतं, पैसे पडत नाहीत. पण तुम्ही 'घरातली एक पोरगी' असं लिहिलंय. 'माझी' नाही लिहिलं. पोरगी तुमचीच ना?

शाहूपुरी_पॅसेंजर (धागाकर्ता)

पकडलंत! पुतणी हाय. भावाची. आमच्या दोघांना पोर नाही, ती लहानपणापासून आमच्याकडंच जास्त असते, त्यामुळं तसं लिहिलं गेलं. ट्रॅव्हलवाल्याला पण तेच सांगितलेलं, तो म्हणाला फुकट.

ज्योतिबाचा_चांगभलं

मग फुकट नाही. फॅमिली कार्ड आई किंवा बाप बरोबर असतानाच. काका-काकू, आजी, कुणी चालत नाही. तपासनीस पासपोर्ट मागतो, आडनाव सारखं म्हणून कदाचित सोडेल पण, पण ११ वर्षांच्या पोरीसमोर कशाला खोटं बोलायचं.

घाबरू नका, तिला हाफ फेअर कार्ड विकत घ्यायची पण गरज नाही. १६ च्या आतल्या पोरांचं तिकीट तसंही निम्मंच असतं. म्हणजे वरच्या यादीप्रमाणं सगळं केलं तर ३२०.

आणखी एक, याच्याशी रेल्वेचा संबंध नाही पण महत्त्वाचं. आई-बापाशिवाय लहान पोर नेताना व्हिसाच्या कागदात भाऊ-वहिनीचं संमतिपत्र लागतं, नोटरी केलेलं. ट्रॅव्हलवाल्यानं सांगितलं का?

शाहूपुरी_पॅसेंजर (धागाकर्ता)

नाही सांगितलं. आत्ता भावाला फोन केला. ट्रॅव्हलवाल्याला उद्या करणार आहे. आवाज चढणार आहे.

सौ_कळंबेकर

अहो शांत डोक्यानं करा. व्हिसाची फी पण प्रत्येकी ९० युरो झालीये, आधी ८० होती, २०२४ च्या जूनपासून वाढली. कागद अपुरे राहिले तर ते पैसे परत येत नाहीत.

आणि दूधकट्टा साहेब, मी हरले बरं का, आकड्यात. पण माझं म्हणणं मागं घेत नाही. हाफ फेअर घेतलं तर प्रत्येक वेळी तिकीट काढणं आलं. रोज. चार-चार वेळा. सासूबाई फलाटावर, गाडी तीन मिनिटांत, आणि हे चष्मा शोधायलेत. ते चित्र डोळ्यासमोर आणा.

केएमटीचा_कंडक्टर_नाही

वहिनींचं बरोबर आहे, मी ते चित्र जगलोय. आम्ही हाफ फेअरवाले. एका सकाळी गाडी लागलेली, बायको-पोरं चढली, मी चढलो, दार लागलं, बसलो, मग निवांत ॲप उघडलं आणि तिकीट काढलं. पाच मिनिटांत तपासनीस. तिकीट दाखवलं. तो बघतो, घड्याळ बघतो, परत तिकीट बघतो. गाडी सुटल्याची वेळ नऊ वाजून चार, माझं तिकीट नऊ वाजून सहा. तिथं नियम आहे, तिकीट गाडी सुटायच्या आत काढलेलं पाहिजे. मी म्हणालो, काढलंय की, पैसे गेलेत की. तो अगदी गोड माणूस, आवाज न चढवता दंडाची पावती फाडली. दोन मिनिटांचा दंड! चूक माझीच. आपल्याकडं कंडक्टर येईस्तोवर तिकीट काढायचं नसतं, ती सवय.

उपाय सांगतो. आदल्या रात्री हॉटेलवर बसून दुसऱ्या दिवसाची तिकिटं काढून ठेवा. नाहीतर ॲपमध्ये ईझीराइड म्हणून आहे, चढताना बोटानं सरकवायचं, उतरल्यावर परत सरकवायचं, ते स्वतः भाडं लावतं. कार्डाची सूट त्यात आधी भरून ठेवायची.

गंगावेस_दूधकट्टा

+१. आणि पासवाल्यांना जे स्वातंत्र्य वाटतं ते एक-दोन दिवसांपुरतं हवं असेल तर सेव्हर डे पास आहे. एका तारखेचा, अख्ख्या देशात दिवसभर. लवकर काढला तर हाफ फेअर कार्डावर २०२४ ला २९ पासून मिळत होता, उशीर केला की महाग होत जातो. तारीख बदलत नाही. तुम्हाला परतीच्या दिवशी, लाउटरब्रुनेन ते विमानतळ, सामान घेऊन, बघा. निम्मं तिकीट ४० आहे, त्यापेक्षा स्वस्त पडू शकेल, आणि वाटेत बर्नला उतरून तास-दोन तास फिरता येईल.

पुणेरी_पाहुणा

वेळापत्रकाविषयी एक शब्द. तिथं गाड्या एकमेकींची वाट बघतात असं लोक सांगतात. सहसा वाट बघत नाहीत. एक गाडी येते, तिच्या प्रवाशांना दुसरीत बसायला चार-पाच मिनिटं अशी वेळच ठेवलेली असते. त्या पाच मिनिटांत आईंना जिना उतरवून दुसऱ्या फलाटावर न्यायचं आहे हे धरून चाला. घाई करू नका. अर्ध्या तासानं पुढची असते.

सांगलीचा_जावई_कोल्हापुरात

पुणेकर दुसऱ्यांदा कामाचं बोलले. धाग्याला मुहूर्त चांगला लागलाय.

डॉक्टर_ताराबाईपार्क

धागाकर्ते, दराची चर्चा बाजूला. ७६ वर्षांच्या आई ३,४५४ मीटरवर जाणार हे तुम्ही गृहीत धरलंय. त्यांना रक्तदाब, हृदयाचं, दम्याचं काही आहे का? निरोगी माणसाला पण वर पाय जड होतात, डोकं दुखतं, जिना दोन पायऱ्यांत दमवतो. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

म्युरेन मात्र निर्धास्त न्या. १,६३८ मीटर, म्हणजे आपलं कळसूबाई १,६४६, जवळपास तेवढंच. रिगीचा माथा १,७९८. दोन्ही ठिकाणी गाडीतून उतरून बाकावर बसलं की समोर बर्फाचे डोंगर.

शाहूपुरी_पॅसेंजर (धागाकर्ता)

बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले दोन हजारांच्या वर नको. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. मला कुठं त्या बर्फात उभं राहायचंय. तुम्ही जावा, मी खाली बसून धबधबा बघते." लाउटरब्रुनेनच्या गावातच स्टाउबाखचा धबधबा आहे, जवळपास तीनशे मीटरचा. ती आणि एखादा दिवस बायको खाली राहतील, मी पुतणीला घेऊन वर जाईन. मग एक दिवस अदलाबदल, बायको वर आणि मी खाली.

रस्सामंडळ

वर जायच्या दिवशी सकाळी हॉटेलातल्या टीव्हीवर डोंगराचे कॅमेरे दाखवतात. ते बघूनच तिकीट काढ. आमचा मित्र आधीच तारीख ठरवून तिकीट काढून बसला. वर गेला, एवढे पैसे मोजून. चारी बाजूला ढग. फोटो पाठवला, मी विचारलं हे काय, पांढरा रस्सा?

सौ_कळंबेकर

हा मुद्दा आधी यायला हवा होता. आमचा एक अख्खा दिवस पावसात गेला आणि पासचे पैसे मात्र त्या दिवसाचेही गेलेच होते. सलग दिवसांचा पास पाऊस बघत नाही. मी ही गोष्ट सोयीनं विसरले होते. घ्या, आणखी एक गुण तुमच्या पारड्यात.

डोंगराळ_मास्तर

पण जूनच्या आसपास युंगफ्राउला सीट आरक्षण लागतं, वेगळे दहा फ्रँक. अगदी सकाळी उठून 'चला' असं होत नाही. दोन दिवसांचा अंदाज बघा आणि लवकरची गाडी धरा. शिवाय मेमध्ये काही रोपवे देखभालीसाठी बंद असतात. फर्स्ट, मेनलिखेन, ज्याला जायचं त्याची तारीख आधी बघून ठेवा, नाहीतर खाली फलक बघून परत.

उद्यमनगरी_फौंड्रीवाला

देखभालीला तारीख ठरवून बंद ठेवणारे लोक बघायला तरी जावा. आमच्याकडं मशीन बंद पडेपर्यंत चालवायची पद्धत.

रस्सामंडळ

अवांतर: जेवणाचं राहिलंच. कांदा-लसूण मसाला न्या, कुणी अडवत नाही. मटणाचं लोणचं नेऊ नका, मांस आत नेऊ देत नाहीत. काढून घेतील आणि बघत बसावं लागेल.

शाहूपुरी_पॅसेंजर (धागाकर्ता)

निर्णय झाला. तीन हाफ फेअर कार्डं. पुतणीला नुसती निम्मी तिकिटं. परतीच्या दिवसाला सेव्हर डे पास, आत्ताच काढून टाकला. युंगफ्राउ तिथं गेल्यावर ढग बघून. ट्रॅव्हलवाल्याला फक्त विमान आणि व्हिसा ठेवलंय. आवाज चढला नाही, आईनं फोन हातातून घेतला.

कळंबेकर वहिनी, तिकीट काढायचं काम पुतणीकडं दिलंय. तिला चष्मा नाही.

सौ_कळंबेकर

हे मात्र झकास केलंत. अकरा वर्षांची म्हणजे तुमच्या तिघांपेक्षा जास्त कळतं तिला.

शाहूपुरी_पॅसेंजर (धागाकर्ता)

लाउटरब्रुनेनहून लिहितोय, सहावा दिवस. धागा वर आणल्याबद्दल माफी.

पुतणी रोज रात्री वहीत लिहिते. रिगी झाला, बोट झाली, म्युरेनला दोनदा गेलो, कारण आईला ती एका डब्याची गाडी आवडली. फर्स्ट ढगात गेला, तिकीट काढलंच नाही. युंगफ्राउ परवा साफ होता, मी आणि पोरगी गेलो. काल बायको एकटी गेली, आम्ही खाली. कार्ड धरून माझे आणि बायकोचे चारशेच्या आसपास, आईचे तीनशेच्या आत. पास घेतला असता तर आई फुकट सव्वाशे जास्त देऊन बसली असती.

त्स्वायल्युचिनेनला एकदा चुकलोच. ग्रिंडेलवाल्डला चहा घेतला. तिकिटाचे जास्तीचे पैसे गेले आणि चहाचे पण.

सौ_कळंबेकर

मी सांगून ठेवलं होतं!

रस्सामंडळ

आईंना कसा वाटला देश?

शाहूपुरी_पॅसेंजर (धागाकर्ता)

आवडला. गळ्यात घंटा बांधलेल्या गायी बघत तासभर बाकावर बसली होती. उठताना म्हणाली, "सहा दिवस झाले, एक म्हैस दिसली नाही. दूध पितात तरी कसलं हे लोक."

गंगावेस_दूधकट्टा

आईंना म्हणावं, आल्या की संध्याकाळी कट्ट्यावर या. धारोष्ण, माझ्याकडून. अर्धं तिकीट नाही, पूर्ण ग्लास.